सोसायटीच्या नोटिशीत 'अमॅल्गमेट' लिहिलंय, म्हणजे आमची सोसायटी बुडणार का नक्की काय?

तासगावची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण शेवटपर्यंत वाचा आणि कळत असेल तर नीट सांगा.

आमच्या गावात एक छोटी सहकारी सोसायटी आहे, आण्णा म्हणजे माझे वडील तिचे तीसेक वर्षांचे सभासद. शेजारच्या गावात तिच्यापेक्षा मोठी सोसायटी आहे. मागच्या आठवड्यात विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस घरी आली, नोटीस मराठीत पण तिला टाचलेला मसुदा चार पानी इंग्रजीत. आण्णांना इंग्रजी येत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी वाचून दाखवायला बसले. त्यात पहिल्या पानापासून एकच शब्द सारखा येतोय, अमॅल्गमेट. मी म्हटलं आण्णा, आपली सोसायटी त्यांच्यात विलीन होणार. तर ते ताटावरनं उठलेले परत खाली बसले आणि म्हणाले, "विलीन म्हंजे बुडाली की मग. नाव ऱ्हाणार का न्हाय ते सांग."

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सोसायटीत फोन केला तर तिथले म्हणाले विलीनीकरण नाही हो ताई, एकत्रीकरण आहे. फरक काय म्हटलं तर म्हणाले सभेला या, तिथं सांगू. घरी डिक्शनरी बघितली तर अमॅल्गमेट म्हणजे एकत्र करणे, मिसळणे, विलीन करणे, एकजीव करणे, सगळंच लिहिलंय. मर्ज बघितलं तरी तेच. युनाइट बघितलं तरी जवळपास तेच. अहो मग इंग्रजांनी इतके शब्द कशाला केले? प्रत्येकाचं काहीतरी वेगळं असणारच ना.

तर मला हे पाहिजे की या शब्दाचा मूळ अर्थ काय, आला कुठनं, वापरतात कसा, आणि आण्णांना मी मराठीत नेमकं काय सांगू. सभा पुढच्याच्या पुढच्या रविवारी आहे. तोपर्यंत त्यांना चुकीचं काही सांगायचं नाहीये, कारण ते माझ्या शब्दावर हात वर करणार किंवा नाही करणार.

कृष्णाकाठचे_मास्तर

ताई, मी सांगलीत बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, आता रिटायर आहे. तुमच्या आण्णांच्या तोंडून 'बुडाली' हा शब्द गेला ना, तो मी आधी धरतो, कारण इंग्रजी न येता त्यांनी मर्ज या शब्दाचं मूळ बरोबर पकडलंय.

मर्ज हा लॅटिन मेर्गेरे वरून आला आणि मेर्गेरे म्हणजे बुडवणं, बुडी मारणं. सबमर्ज म्हणजे पाण्याखाली जाणं, इमर्ज म्हणजे पाण्यातनं वर येणं, ही सगळी त्याचीच भावंडं. आणि आपल्याकडचं त्याचं सख्खं नातं संस्कृतातल्या मज्ज् धातूशी आहे, मज्जन, निमज्जन, आणि त्याच मज्ज् पासून झालेला 'मग्न'. आपण रोज म्हणतो पोरगं अभ्यासात मग्न आहे, म्हणजे अभ्यासात बुडलंय. मर्ज आणि मग्न एका घरातले आहेत. माझं अजून एक आवडतं उदाहरण म्हणजे लॅटिनमध्ये बुडी मारणाऱ्या पक्ष्याला मेर्गुस म्हणायचे आणि संस्कृतात मद्गु, दोन्ही याच मुळाचे. मी रोज सकाळी आयर्विन पुलावरून फिरायला जातो तेव्हा खाली कृष्णेत पाणकावळे असतात, एकाएकी दिसेनासे होतात आणि दहा हात लांब मान वर काढतात. मी वर्गात मर्ज आणि इमर्ज शिकवताना पुस्तक बंद करून हा पक्षीच सांगायचो, पोरांना जन्मात विसरायचं नाही.

इंग्रजीत हा शब्द नंतर वकिलांच्या हातात गेला. एकाच जमिनीत एकाच माणसाकडे लहान हक्क आणि मोठा हक्क दोन्ही आले की लहान हक्क मोठ्यात 'मर्ज' झाला म्हणायचे, म्हणजे मोठ्यात बुडाला, वेगळा उरला नाही. तिथनं तो संस्थांना लागला. म्हणून मर्ज म्हटलं की मनात एक मोठं आणि एक लहान येतं, आणि लहान दिसेनासं होतं. आपल्या सांगली संस्थानाचं 1948 साली मुंबई प्रांतात झालं ते हेच, आणि त्याला मराठीत विलीनीकरण म्हणतात ते अगदी चपखल आहे. विलीन मधला ली हा संस्कृत धातू, ली म्हणजे विरघळणं, लय पावणं.

आता अमॅल्गमेट. याचं घर वेगळं आहे, पाण्याचं नाही, भट्टीचं. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये अमालगामा असा शब्द होता, पारा आणि दुसरा धातू यांचा मऊ गोळा. किमयागारांचा शब्द हा. त्याच्या मागे ग्रीक मालाग्मा आहे असं बहुतेक कोश मानतात, मालाग्मा म्हणजे मऊ करणारा लेप, सुजेवर आपण पोटीस बांधतो तसं काहीतरी, आणि मधे अरबी किमयागारांच्या तोंडी तो रुळला असावा असंही मानतात. इंग्रजीत क्रियापद म्हणून तो 17व्या शतकात आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता, धातू पाऱ्यात मिसळणं. माणसांना, संस्थांना, कंपन्यांना तो लागला नंतर, 18वं शतक संपता संपता. इंग्लंडात 1851 साली यंत्रकामगारांच्या बऱ्याच छोट्या छोट्या संघटना मिळून एक मोठी झाली, तिनं स्वतःच्या नावातच अमॅल्गमेटेड हा शब्द घेतला. कोण कुणात बुडालं नाही, सगळ्या मिळून एक झालो, हे त्यांना नावातनंच सांगायचं होतं.

थोडक्यात शब्दाच्या मुळाकडनं बघितलं तर मर्ज मध्ये एक उरतो, अमॅल्गमेट मध्ये दोन्ही जाऊन तिसरं होतं. बाकी वापराचं उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

कराडचा_विद्यार्थी

सर हे दहावीच्या विज्ञानात आहे. मिश्रधातूत एक धातू पारा असला की त्याला पारदसंमिश्र म्हणतात, तोच इंग्रजीतला अमॅल्गम. दातात चांदी भरतात म्हणतात ती पण तीच, त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबं. मी पाठ केलं होतं पण सोसायटीच्या नोटिशीतला शब्द तोच आहे हे आज कळलं.

आणि मर्जचं उदाहरण आमच्या दारातच आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग दोघी मिळून पूर्वेला वळतात. पण वळल्यावर नाव फक्त कृष्णा. कोयना तिथं संपली. तिचं पाणी पुढं सांगलीपर्यंत जातं पण कोयनेचं म्हणून कुणी ओळखत नाही.

गलाईवाला_विटा

राम राम. माझं गाव खानापूर तालुक्यात, पण पोटापाण्यासाठी पंचवीस वर्षं झाली केरळात गलाईचा धंदा करतोय. आमच्याकडची निम्मी गावं याच धंद्यात, सोनं चांदी गाळायला देशभर पांगल्यात. तर पाऱ्याचं मास्तरांनी लिहिलं ते मी डोळ्यानं बघितलंय ते सांगतो, शब्दाचं मला काय कळत न्हाय.

आमचे आबा जुन्या पद्धतीनं काम करायचे. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीची राख, कानशीचा कीस, सगळं विकत घ्यायचं, ते कुटायचं, पाण्यानं धुवायचं, आन खाली बसल्याला बारीक गाळ दगडी खलात घालून त्याच्यात पारा वतायचा. मग घोटायचं. एक एक तास घोटायचं. सोन्याचा कण पिवळा दिसतोय तवर दिसतोय, पाऱ्यानं धरला की पांढरा पडतो, आन बघता बघता खलात सोनं बी दिसत न्हाय आन पारा बी पहिल्यासारखा पळत न्हाय. लोण्यासारखा गोळा होतो. तो गोळा फडक्यात घालून पिळायचा, जादाचा पारा फडक्यातनं थेंब थेंब खाली येतो आन आत घट्ट पांढरा गोळा ऱ्हातो, बोटात दाबला की करकर वाजतो. मी लहान असताना आबांनी एकदा माझ्या हातावर ठेवल्याला, एवढासा सुपारीएवढा, पण जड असा की हात खाली गेला. त्याला सोनं म्हणावं का पारा म्हणावं? दोन्ही बी न्हाय. मास्तर तिसरं म्हणत्यात ते हेच.

आन एक. लोखंड पाऱ्यात मिसळत न्हाय. पारा यायचाच लोखंडी बाटलीत, वर्षानुवर्षं त्याच्यात ऱ्हायला तरी बाटलीला काय हुईत न्हाय. म्हंजे दोघं एकमेकाला धरणारे असतील तरच हे जमतं.

पण ताई, फुडचं बी ऐका. तो गोळा मुशीत घालून तापवला की पारा उडून जातो आन खाली सोनं तसंच्या तसं शिल्लक, भोकाभोकाचं, जाळीसारखं. टाकणखार घालून वितळवलं की लगड तयार. म्हंजे मिसळल्यालं परत येगळं हुतं, पण आगीत घालावं लागतं. आन त्या धुरानं माणूस मरतंय. आबांचे हात शेवटी एवढे कापायचे की कपातला चहा सांडायचा. घरातल्या कुणाला तेव्हा कळलं न्हाय कशानं ते. मी पारा कधीच हातात धरला न्हाय, आम्ही तेजाबावर, म्हंजे ॲसिडवर काम करतो, त्याच्यात बी धूर हाय पण पाऱ्याचं नको म्हंजे नको. कुणी जुना पारा घरात ठेवला असंल तर पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आन घरातल्या सोन्याजवळ बी ठेवू नका. थर्मामीटर फुटला आन अंगठीला पारा लागला तर अंगठी चांदीसारखी पांढरी हुती.

तासगावची_लेक

दादा तुमचं वाचून अंगावर काटा आला. आबांचं वाईट वाटलं. मी हे आण्णांना जसंच्या तसं वाचून दाखवलं, तुमच्याच शब्दात, कारण ते तुमच्यासारखंच बोलतात. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हंजे ह्येच्यात सोनं कोण आन पारा कोण?"

कृष्णाकाठचे_मास्तर

आण्णांना माझा नमस्कार सांगा. मी आयुष्यभर हा शब्द शिकवला, पण सुपारीएवढा गोळा हातावर घेतलेला माणूस पहिल्यांदा भेटला.

आता वापराचं लिहितो, हे पोरांनाही उपयोगी पडेल. अमॅल्गमेट हा जड, कागदोपत्री शब्द आहे. कंपन्या, बँका, संघटना, शाळा, खाती, गावं यांच्यासाठी चालतो. मित्र भेटले, दोन घरं लग्नानं जोडली गेली, तिथं कुणी अमॅल्गमेट म्हणत नाही. रचना दोन प्रकारे होते, एक म्हणजे अमुक संस्था अमॅल्गमेटेड विथ तमुक संस्था, आणि दुसरी म्हणजे दोन संस्था अमॅल्गमेटेड इंटू एक नवी संस्था. पुढे टुगेदर लावायची गरज नाही, पण लोक लावतात, कारण आपण मराठीत 'एकत्र मिळून' म्हणतो ती सवय. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, अमॅल्, सुरुवातीचा अ अगदी हलका.

जॉइन याच्याहून हलका आहे, आणि तोही आपल्या घरचा. लॅटिन युंगेरे, आपलं युज्, त्यातनं योग, युग्म, संयुक्त, इंग्रजीतला योक, आणि आपलं बैलाच्या मानेवरचं जू. ऊसतोडीच्या गाड्या सांगली साताऱ्याच्या रस्त्यानं जाताना बघा, जू मानेवर आहे तोवर दोन बैल एका चालीनं चालतात, संध्याकाळी सोडले की दोन दाव्यांना दोन बैल. एक पांढरा एक बांडा असला तर तसाच राहणार. जॉइन मध्ये कुणाचं काही जात नाही.

आणि युनाइट मध्ये मन असतं. युनुस म्हणजे एक. एका कारणासाठी, एका भावनेनं एक होणं. त्यामुळे आंदोलनाला युनाइट, ताळेबंदाला अमॅल्गमेट.

डिक्शनरीत सगळ्यांपुढं 'एकत्र करणे' दिसतं त्याचा मला नेहमी त्रास व्हायचा. मराठीत शब्द नाहीत असं नाही. जोडणे, जुंपणे, सांधणे, मिसळणे, कालवणे, मळणे, एकजीव करणे, सामावून घेणे, विलीन होणे, प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. डाळ आणि तांदूळ मिसळतात, भात आणि आमटी कालवतात, कणीक आणि पाणी मळून एकजीव होतं आणि मग त्यातनं पाणी काढून दाखवा म्हटलं तर निघत नाही. अमॅल्गमेटला मला विचाराल तर एकजीव करणे हाच सगळ्यात जवळचा, पण तो ठरावाच्या कागदावर कुणी लिहिणार नाही, म्हणून एकत्रीकरण.

साताऱ्याचा_ऑडिटर

मी सोसायट्यांची ऑडिटं करतो, रोजचं काम आहे, त्यामुळे एक गोष्ट मला सांगायलाच पाहिजे. मास्तरांनी सांगितलं ते शब्दाच्या जन्माचं झालं, ते बरोबर आहे, पण ताई, शब्दाच्या मुळावर विसंबून हात वर करू नका. कागदात अमॅल्गमेट लिहिलंय म्हणजे दोन्ही संस्था समान होऊन तिसरी होणार असं गृहीत धरू नका. कायद्याच्या भाषेत लहान संस्था मोठ्या संस्थेत गेली तरी तिला अमॅल्गमेशनच म्हणतात. कंपनी कायद्यात तर मर्जर आणि अमॅल्गमेशन एकाच दमात येतात. तुमच्या मसुद्यात अमॅल्गमेट च्या पुढचा शब्द बघा. मास्तरांनी सांगितलेलं विथ आणि इंटू इथं कामाला येतंय. विथ असेल तर बहुधा समोरची संस्था राहणार आणि तुमची तिच्यात जाणार, इंटू आणि पुढे 'नवीन संस्था' असेल तर दोन्ही जाऊन नवी. आणि नुसत्या तेवढ्या शब्दावरही थांबू नका, नाव कुठलं राहणार, मुख्य कार्यालय कुठं, ते ज्या कलमात लिहिलंय ते वाचा.

आपल्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 17 मध्ये चार वेगळे रस्ते दिलेत. एकत्रीकरण, म्हणजे हाच अमॅल्गमेशन. दुसरा, आपली मालमत्ता आणि देणी दुसऱ्या संस्थेला हस्तांतरित करणं. तिसरा विभाजन, चौथा रूपांतर. यातला दुसरा रस्ता म्हणजे खऱ्या अर्थानं आण्णा म्हणतात तसं बुडणं, तिथं समोरची संस्था आहे तशी उभी राहते. कुठलाही रस्ता असला तरी निबंधकांची आधी मंजुरी लागते आणि त्यासाठीच बोलावलेल्या विशेष सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा ठराव लागतो. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी, हे लक्षात ठेवा. घरी बसलेल्याचं मत कुठंच मोजलं जात नाही. त्यामुळे आण्णांना त्या रविवारी कसंही करून न्या.

आणि ज्याला मान्य नाही त्याला रस्ता आहे. देणी दुसऱ्या संस्थेकडे जाणार असतील तर ठरावानंतर सभासदांना आणि ठेवीदारांना नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्यात तुम्ही सांगू शकता की मी नव्या संस्थेत येत नाही, माझे शेअर्सचे पैसे आणि ठेव परत द्या. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि महिना निघून जातो.

गलाईवाले भाऊ म्हणाले की तापवलं की परत वेगळं होतं, तर सोसायटीत असं उडून जाणारं काही नसतं. परत वेगळं व्हायचं म्हटलं तर कलम 17 मधलंच विभाजन, परत सभा, परत दोन तृतीयांश, परत मंजुरी. आणि एकत्रीकरण झालं की कलम 21 प्रमाणे जुन्या संस्थेची नोंदणी रद्द होते. त्यामुळे जे विचारायचंय ते आधी विचारा.

मिरजकर

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून 1998 साली महानगरपालिका झाली ते उदाहरण घ्या. नावात तिन्ही गावं आहेत. मिरजेच्या माणसाला आजपण कुठला म्हणून विचारलं तर तो मिरज म्हणतो, पण घरपट्टीची पावती एकाच महापालिकेची. मला वाटतं अमॅल्गमेट हे असं असतं, कागदावर गोळा एक आणि माणसाच्या मनात तीन. नाव टिकवायचं असेल तर ठरावात लिहून घ्यायला पाहिजे, नंतर कुणी देत नाही.

तासगावची_लेक

सगळ्यांची आभारी आहे. ऑडिटर सरांनी सांगितलं तसं रात्री परत मसुदा काढला आणि आण्णांना शेजारी बसवून फक्त अमॅल्गमेट च्या पुढचा शब्द बघत गेलो. सुरुवातीला सगळीकडे विथ आहे, म्हणून मला विलीन वाटलं होतं. तिसऱ्या पानावर मात्र इंटू आहे, आणि त्यापुढे नव्या संस्थेचं नाव लिहायला मोकळी जागा सोडलीय, टिंबं टिंबं. म्हणजे नाव अजून ठरलेलं नाही. दोन्ही संस्थांची नोंदणी रद्द होणार हे चौथ्या पानावर आहे, आणि मुख्य कार्यालय शेजारच्या गावात हेही आहे, ते मात्र टिंबं न ठेवता पक्कं छापलंय.

मी आण्णांना म्हटलं, आपली सोसायटी त्यांच्यात बुडत नाही, दोन्ही मळून नवी होणार, आपलं नाव जाणार आणि त्यांचंही जाणार, ऑफिस त्यांच्याकडे. ते म्हणाले, "त्यांचं बी जाणार? मग नवं नाव काय ते आमाला विचारून ठेवा म्हनावं, आन हापीस एक आठवडा हितं एक आठवडा तितं."

नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्यांना मोठ्या अक्षरात दोन प्रश्न लिहून दिलेत, नाव आणि ऑफिस. खाली एक महिन्याचं पण लिहिलंय. ती घडी आत्ताच त्यांच्या कोपरीच्या खिशात गेलीय, सभा अजून नऊ दिवसांवर आहे तरी.